राहिलेले टिंब

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एक मार्गदर्शन शिबिर भरवले होते. डॉक्टर, वकील, बँकेतील अधिकारी अशा वक्त्यांच्या मालिकेत त्यांनी माझेही नाव घातले, कारण चाळीसहून अधिक वर्षे मी अक्षरे काढून पोट भरले आहे. पुस्तकांची मुखपृष्ठे, नाटकांच्या जाहिराती, साबणाच्या वेष्टनावरील नावे, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, असे जे जे अक्षरांवाचून अडते ते ते मी केले. मला दिलेल्या विषयाची चिठ्ठी अशी होती : 'सर्जनशील व्यवसायात आपले वेगळेपण सिद्ध करून यशस्वी कसे व्हावे?'

मी पाऊण तास बोललो. परिश्रम, चिकाटी, वाचन, निरीक्षण, सारे काही सांगून झाले. अध्यक्षांनी रुपयांच्या दृष्टान्ताचा समयोचित उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतील एक मुलगी उठली. ती मुंबईत उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "अंकल, आमच्या वर्गात सगळ्यांकडे तेच सॉफ्टवेअर, तेच हजार फॉन्ट. आता तर यंत्राला नुसतं सांगितलं की चित्र तयार होऊन मिळतं. मग मी वेगळी कशी दिसणार?"

"स्वतःची शैली शोध," मी म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतले आणि नम्रपणे खाली बसली.

घरी परतताना मी अस्वस्थ होतो. पन्नास वर्षांपूर्वी हेच उत्तर मला माझ्या शिक्षकांनी दिले होते, आणि त्याचे काय करायचे हे मला मुळीच उमगले नव्हते. त्या मुलीला जे सांगायला हवे होते ते सभेत सुचले नाही. ते येथे लिहीत आहे.

---

माझ्या अक्षरांची सुरुवात दफनभूमीत झाली. वसईतल्या आमच्या गावी पावसाळा सरला की दफनभूमीत गुडघाभर गवत माजलेले असे. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृत भाविकांचा दिन. त्याआधीच्या आठवड्यात घरोघरची माणसे विळे, कुदळी, चुन्याच्या बादल्या घेऊन तेथे जात. गवत काढीत, माती सारखी करीत, कडेने चुना ओढीत. लाकडी क्रुसांना काळा रंग दिला जाई आणि पावसाने पुसट झालेली नावे पांढऱ्या रंगाने पुन्हा लिहिली जात. माझे अक्षर शाळेत बरे समजले जाई, म्हणून 1968 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ते काम माझ्याकडे आले. क्रुसामागे चार आणे.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी मी चौदा क्रूस रंगवले. शेवटचा क्रूस एका म्हाताऱ्या विधवेच्या मुलाचा होता. ऐन तारुण्यात गेलेला तो तिचा एकुलता एक मुलगा. अंधार पडत आला होता, हात भरून आले होते. मी घाईघाईने नाव लिहिले, जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिल्या आणि ब्रश रॉकेलात बुडवला. म्हातारी जवळ आली. तिला वाचता येत नव्हते. रंग ओला आहे असे मी म्हणालो तेव्हा तिने बोट अक्षरांपासून थोडे दूर धरले आणि हवेतल्या हवेत एकेका अक्षरावरून फिरवले. "हेच ना रे त्याचं नाव?" तिने विचारले. मी हो म्हणालो. तिने पदराच्या गाठीतून चार आणे काढून दिले, वर दोन केळी दिली.

मुलाचे नाव आंतोन होते. मी 'आतोन' लिहिले होते. टिंब राहिले होते. ते माझ्या लक्षात आले, पण म्हातारी वळली होती आणि रंगाचा डबा मी बंद केला होता. तिला वाचता येत नाही, मग कुणाला कळणार आहे, असे मी स्वतःशी म्हटले.

बाबांना कळले. ते चौथीपर्यंत शिकले होते. दोन तारखेला मिस्सा आटोपून मेणबत्त्या लावताना ते त्या क्रुसापाशी क्षणभर थांबले. घरी येताना वाटेत एवढेच म्हणाले, "आंतोनचं टिंब राहिलं."

"तिला कुठं वाचता येतं, बाबा?" मी म्हणालो.

बाबा काही बोलले नाहीत. त्याच रात्री मात्र त्यांनी मला पाने भरायला बसवले. आमची पानवेलींची वाडी होती. ओटीवर कंदील ठेवून खाण्याची पाने निवडायची, डागी, फाटकी बाजूला काढायची, मोजून कवळ्या बांधायच्या, करंडीत केळीचे पान अंथरून त्यावर त्या रचायच्या आणि पाणी शिंपडायचे, असे ते काम. तळाच्या थरात मी काही डागी पाने सरकवली. सगळेच तसे करीत, हे मी पाहिले होते. बाबांनी ती करंडी पूर्ण उपसली आणि पहिल्यापासून भरली. पहाटे ते मला व्यापाऱ्याच्या वखारीत घेऊन गेले. व्यापारी एकेकाची करंडी उघडून तळापर्यंत हात घाली, पाने चाळून बघे, भावासाठी घासाघीस करी. बाबांची करंडी त्याने उघडली नाही. नुसती उचलली, बाजूला ठेवली आणि चोपडीत आकडा लिहिला. करंडीवर बाबांचे नाव नव्हते. गाठ बांधण्याच्या पद्धतीवरून तो ती ओळखत असावा.

पुढच्या वर्षी मी सगळ्यात आधी आंतोनच्या क्रुसाकडे गेलो आणि टिंब दिले. पण म्हातारी त्या पावसाळ्यात वारली होती. तिची कबर दोन पावलांवर होती, आणि तिच्या क्रुसावर नाव लिहिण्याचे काम माझ्याकडेच आले. या वेळी मी ते तीनदा वाचून पाहिले.

---

1973 साली मी मुंबईला सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत दाखल झालो. मूळ जे. जे. स्कूल 1857 सालचे. जाहिरात आणि मुद्रणाशी निगडित असलेली उपयोजित कला तेथे 1961 पासून स्वतंत्र संस्थेत शिकवली जाऊ लागली. पहाटेची गाडी धरून चर्चगेट गाठायचे, तेथून पायी जायचे, आणि संध्याकाळी उलट्या प्रवासात, जागा मिळालीच तर, मांडीवर पाटी ठेवून सराव करायचा, असा पाच वर्षांचा क्रम.

तेथे मला प्रथम कळले की अक्षरालाही शरीर असते. देवनागरीसाठी बोरूची जीभ रोमनच्या उलट बाजूला तिरकी कापावी लागते. त्यामुळे रोमनमध्ये जी तिरपी रेघ जाड पडते ती आपल्याकडे बारीक पडते आणि बारीक ती जाड. शिरोरेषा ही अक्षरांना टांगण्याची दोरी आहे. तिच्यावर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार. आपल्या अक्षराला तीन मजले लागतात. म्हणून ओळींमध्ये पुरेशी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. पाटीवर जागा अपुरी पडली की रंगारी सर्वांत आधी ज्याचा बळी देतो ते म्हणजे टिंब. हे ऐकताना वर्गात मी खाली मान घातली होती.

त्या काळी अक्षरांच्या क्षेत्रात दोन नावे आम्हां विद्यार्थ्यांच्या तोंडी सतत असत. एक र. कृ. जोशी. जाहिरातक्षेत्रात आणि पुढे पवईच्या आय. आय. टी.त त्यांनी भारतीय लिप्यांचा जो विचार केला त्याने एक पिढी घडली. दुसरे कमल शेडगे. वर्तमानपत्रातील मराठी नाटकांच्या जाहिराती आम्ही केवळ त्यांच्या अक्षरांसाठी कापून ठेवीत असू. नाटक विनोदी की गंभीर, ऐतिहासिक की कौटुंबिक, हे खालचा मजकूर वाचण्यापूर्वी शीर्षकच सांगून टाकी. मीही एक जाड वही भरून ती कात्रणे चिकटवली होती.

शिक्षक म्हणत, "स्वतःची शैली शोधा." मी ती त्या वहीत शोधू लागलो, आणि चुकीच्या वाटेने निघालो.

---

शिक्षण संपल्यावर एका जाहिरातसंस्थेत सहा वर्षे काढली. रबर सोल्युशनचा वास, ब्रोमाइडचे कपटे, पोस्टर रंग, आणि 'काल संध्याकाळी' हवे असलेले काम. 1984 साली नोकरी सोडून मी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. लग्न झालेले, पहिले मूल झालेले, वसईत एका खोलीचे भाडे. काम मिळणे अत्यावश्यक होते.

आणि काम मिळाले. कसे, ते प्रामाणिकपणे सांगतो. ग्राहक येत आणि एखाद्या गाजलेल्या जाहिरातीचे कात्रण पुढे ठेवून म्हणत, "असंच पाहिजे, पण एवढे पैसे नाहीत." त्या काळच्या दोघातिघा नामवंतांची वळणे माझ्या हातात इतकी मुरली होती की मी हुबेहूब तसे काढून देत असे, निम्म्या मोबदल्यात आणि दोन दिवसांत. तीन वर्षे मी असा चाललो. खोलीचे घर झाले, स्कूटर आली. ओळखीचे लोक म्हणत, "तुझं बरं चाललंय." मलाही तसेच वाटे. इतरांहून माझे वेगळेपण काय, असे त्या वेळी कुणी विचारले असते तर खरे उत्तर होते : मी स्वस्त आहे.

1987 साली एका वयोवृद्ध प्रकाशकांकडे काम मागायला गेलो. त्यांनी माझी कामे एकामागून एक चाळली. मग कपाटातून पाच-सहा मुखपृष्ठे काढून माझ्या कामांत मिसळली, पत्ते पिसावे तशी पिसली आणि टेबलावर मांडली. "यातली तुमची उचला," ते म्हणाले.

मी उचलली. त्यांतले एक माझे नव्हते, आणि माझे एक टेबलावरच राहिले होते.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तुमचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण तुमच्याकडे यायचं कारण मला सापडत नाही. ज्यांची ही अक्षरं आहेत त्यांच्याकडेच मी जाईन." मी पोर्टफोलिओ बांधला आणि जिना उतरलो. चर्चगेटला गाडीत बसलो तेव्हा मला का कोण जाणे त्या करंडीच्या तळाशी सरकवलेली डागी पाने आठवली. माझ्या कामाच्या वरच्या थरात दुसऱ्यांची पाने होती. तळात काय आहे हे मी स्वतःही कधी बघितले नव्हते.

---

पुढचे काही महिने कठीण गेले. 'असंच पाहिजे' म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणू लागलो आणि उत्पन्न झपाट्याने घटले. पत्नी शिक्षिका होती, तिच्या पगारावर घर चालले. ती कधी बोलून दाखवीत नसे, पण महिनाअखेरीस वाण्याची वही ती माझ्यासमोर उघडत नसे, आणि ते मला अधिक लागे.

त्या रिकाम्या दिवसांत फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी प्रत हाती आली. 1956 साली शां. प. बंडेलू यांनी संपादित केलेली. आपल्या समाजात या ग्रंथाचे नाव सर्वांना ठाऊक असते, वाचलेला मात्र थोड्यांनी असतो. मीही तोवर वाचला नव्हता. 1579 साली गोव्यात उतरलेला हा इंग्रज येशूसंघीय. त्याने मराठी आत्मसात केली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे पुराण रचले. पूर्वीची पुराणे सुटली, आता आम्ही वाचावे काय, असे नवख्रिस्ती विचारीत होते. त्या विचारणीतून हा ग्रंथ जन्मला, असे त्याच्या प्रस्तावनेतूनच कळते. आपली विद्वत्ता लॅटिनमध्ये किंवा पोर्तुगीजमध्ये दाखवणे त्याला सोपे होते. पण समोर कोण बसले आहे ते पाहून त्याने त्यांचा छंद, त्यांची भाषा, त्यांची ऐकण्याची रीत स्वीकारली. इतका वेगळा ग्रंथ हातून घडला तो अशा रीतीने.

अक्षरकार म्हणून एक गोष्ट माझ्या मनाला फार चटका लावून गेली. 1616 साली राचोल येथे हा मराठी ग्रंथ छापला गेला तो रोमन अक्षरांत. देशी अक्षरांचे खिळे नव्हते. 1608 सालच्या एका पत्रात स्टीफन्स यांनी आपल्या संघप्रमुखांना कळवले होते की या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा आहे. पण येथील लिपी अक्षरांची जोडणी करणारी असल्याने सहाशेच्या आसपास साचे लागतील, ही अडचणही त्यात होती. 1619 साली ते वारले. त्या माणसाकडे सांगण्यासारखे इतके होते आणि अक्षरे नव्हती. माझ्याकडे अक्षरे होती, आणि मी ती साबण आणि नकला यांत खर्चीत होतो.

त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामाला नवे गीतपुस्तक छापायचे होते. जुन्या पुस्तकातील टाइप बारीक. संध्याकाळच्या मिस्सेला मागच्या बाकांवरील म्हाताऱ्या ते केवळ हातात धरीत, वाचीत नसत. प्रमुख धर्मगुरूंनी मला विचारले. मी होकार दिला, आणि पहिले तीन रविवार काही न करता मागच्या बाकावर बसून राहिलो.

काय दिसले? गाताना श्वास जेथे घ्यायचा तेथे छापील ओळ संपत नव्हती, म्हणून लोक अडखळत. कडवे अर्ध्यावर असताना पान उलटावे लागे, आणि सगळ्या मंदिरात एकाच वेळी कागदांची सळसळ होऊन सूर तुटे. कागद गुळगुळीत असल्याने दिव्याचा उजेड त्यावर चमके. जोडाक्षरे इतकी चेपलेली की नुकते वाचू लागलेले मूल आणि दृष्टी मंद झालेली आजी दोघेही तेथेच थांबत. आणि टिंबे! अर्धी टिंबे छपाईत उडालेली.

मी ओळी श्वासाप्रमाणे तोडल्या. एकही गीत कडव्याच्या मध्यात उलटू दिले नाही. त्यासाठी गीतांचा क्रम सतरा वेळा बदलला. कागद खरखरीत घेतला, टाइप मोठा, ओळींत जागा सैल. गीतांची शीर्षके हाताने काढली आणि अनुस्वार मुद्दाम ठळक ठेवला. वर्षभर खपलो. पुस्तक निघाले तेव्हा कुणीही 'काय सुंदर अक्षर!' म्हटले नाही. फक्त पहिल्या रविवारी मागच्या बाकांवरून आवाज आला, जो पूर्वी येत नसे. ते पुरेसे होते.

या पुस्तकाची एक प्रत कशी कुणास ठाऊक प्रौढ साक्षरतेच्या कामातील एका कार्यकर्तीच्या हाती पडली. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले होते आणि नवसाक्षरांसाठी पुस्तिका हव्या होत्या. वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा अक्षर ओळखणाऱ्या माणसासाठी पान कसे मांडावे, हा प्रश्न तिला पडला होता. "हे पुस्तक ज्यांनी केलं त्यांना वाचता न येणारी माणसं माहीत आहेत," ती म्हणाली. खरोखर माहीत होती. एका म्हातारीचे हवेत फिरणारे बोट मी विसरलो नव्हतो.

त्यानंतर मुलांची पुस्तके आली, औषधांच्या सूचनापत्रिका आल्या, बसथांब्यांच्या पाट्या आल्या. पाहता पाहता 'वाचता येण्याजोगं हवं असेल तर त्यांच्याकडे जा' अशी माझी ओळख झाली. सात-आठ वर्षांनी त्याच वयोवृद्ध प्रकाशकांचा निरोप आला. गेलो. त्यांनी या वेळी पत्ते पिसले नाहीत.

---

ही झाली कलेची बाजू. पण व्यवसाय म्हटला की हिशेबही आला, आणि याविषयी आपण घरांत फारसे बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

आपल्या समाजात कलावंताचे कौतुक पुष्कळ होते, बिल मात्र कुणी मागत नाही. 'आपलाच माणूस आहे, एक पत्रिका काढून दे,' असे म्हणणारा गवंड्याला तसे म्हणत नाही. सुरुवातीला मी सर्वांना नाइलाजाने हो म्हणे, मग चिडचिडत, उरल्यासुरल्या वेळात, कसेतरी काम करून देई. त्यात माझे नाव जाई आणि त्यांचे समाधानही होत नसे. पुढे मी नियम केला. महिन्याच्या दहा दिवसांतला एक दिवस धर्मग्राम, शाळा आणि गरजू यांच्यासाठी, पूर्णपणे फुकट. बाकी सर्वांना, नातेवाईक धरून, पूर्ण दर. अर्ध्या दरात काम करायचे नाही, कारण अर्ध्या दराचे काम मनही अर्धेच लावून होते, असा माझा स्वतःविषयीचा अनुभव आहे. दोघा-तिघा नातलगांनी बोलणे टाकले होते. कालांतराने तेच पूर्ण दर देऊन आले.

दुसरे, कागद. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पण हक्क विकला तरी 'हे काम माझे' असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार हाच कायदा राखून ठेवतो. तरुणांना हे ठाऊक नसते. काम सुरू करण्यापूर्वी मोबदला, मुदत, किती वेळा बदल करून मिळतील आणि नाव छापले जाईल की नाही, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याने मैत्री तुटत नाही, उलट टिकते.

तिसरे, वेळ. मी पाहिलेले कित्येक प्रतिभावान चित्रकार, माझ्याहून दसपट चांगल्या हाताचे, केवळ दिलेल्या दिवशी काम न दिल्यामुळे मागे पडले. बाबांची करंडी पहाटेच्या गाडीला चुकली असती तर तळापर्यंत चांगली पाने असून काय उपयोग होता?

---

त्या मुलीने यंत्राविषयी विचारले होते. यंत्राची भीती मलाही वाटली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर मजकूर जुळवणे सर्वत्र सुरू झाले आणि एका वर्षात माझे हाताच्या अक्षरांचे निम्मे काम गेले. ज्या पाटीला मला दोन दिवस लागत ती एक पोरगा अर्ध्या तासात काढून देऊ लागला. 1993 साली, अडतिसाव्या वर्षी, कर्ज काढून मी संगणक घेतला आणि माझ्या निम्म्या वयाच्या मुलाकडे शिकायला बसलो. पहिले काही महिने मी त्याला 'सर' म्हणत असे. तो लाजत असे, पण मी सोडले नाही.

तेव्हा एक उमज पडली. यंत्राने वरचा थर सर्वांना सारखा करून टाकला. हजार फॉन्ट सर्वांपाशी आले. पण मागच्या बाकावर जाऊन बसणे, ओळ कोठे तुटावी हे ठरवणे, टिंब राहिले आहे का ते पाहणे, हे ज्याचे त्यालाच करावे लागले. आजच्या नव्या यंत्रांनी तर चित्रही सोपे केले आहे. ती काय काय हिरावून घेतील हे सांगण्याइतका मी ज्ञानी नाही, आणि त्या मुलीची काळजी अनाठायी आहे असे म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही. मात्र नाव चुकले तर कुणाच्या मनाला लागेल, हे ओळखायला त्या घरची माणसे ठाऊक असावी लागतात, एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे.

आणि नावाचे म्हणाल, तर र. कृ. जोशींचेच पाहा. विंडोज संगणकांत वर्षानुवर्षे जो 'मंगल' नावाचा देवनागरी फॉन्ट येत राहिला तो त्यांनी घडवलेला. कोट्यवधी लोकांनी तो वाचला, त्यात अर्ज लिहिले, पत्रे लिहिली. 2008 साली जोशी गेले तेव्हा त्या वाचकांपैकी किती जणांना ते नाव माहीत होते? तरीही त्यांचे अक्षर कोणत्याही नामवंताच्या सहीपेक्षा अधिक डोळ्यांखालून गेले. वेगळे दिसणे आणि उपयोगी पडणे यांत निवड करावी लागली, तर मी काय निवडावे हे मला त्यांच्याकडे पाहून कळते.

---

शिबिरानंतर तीन महिन्यांनी ती मुलगी घरी आली. हातात आमच्या सणाची कार्यक्रमपत्रिका होती. तिनेच केलेली, फुकट. मी सवयीने मुखपृष्ठ न पाहता शेवटचे पान उघडले. फुलांसाठी आणि मेणबत्त्यांसाठी देणगी देणाऱ्यांची यादी तेथे बारीक अक्षरांत असते, आणि ती नेहमीच चुकांनी भरलेली असते. मी चष्मा लावून एकेक नाव वाचत गेलो. एकही चूक सापडली नाही. टिंबे होती, वेलांट्या जागच्या जागी होत्या, आमच्या बोलीतली जुनी नावेही घरात म्हणतात तशीच लिहिली होती.

"ही नावं कशी तपासलीस?" मी विचारले.

"फोन केले, अंकल. सगळ्यांना. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या घरी गेले."

"एवढं कशासाठी?"

ती थोडी संकोचली. "दर वर्षी माझ्या आजीचं नाव चुकीचं छापलं जातं. ती काही बोलत नाही, पण पत्रिका आली की आधी ते पान उघडते."

मग मी तिला आंतोनच्या क्रुसाची गोष्ट सांगितली. पन्नासहून अधिक वर्षांत ती मी बाबांखेरीज कुणापाशी बोललो नव्हतो. ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, "तो क्रूस अजून आहे का?"

नाही. लाकूड किती वर्षे टिकणार? त्या जागी आता दुसऱ्यांच्या कबरी आहेत, संगमरवरी, यंत्राने कोरलेल्या अक्षरांच्या. दोन नोव्हेंबरला मी तेथे जातो, बाबांसाठी मेणबत्ती लावतो, आणि परतताना आजूबाजूची नावे वाचत येतो. या वर्षी तिलाही बरोबर यायचे आहे.